पोटाला विटा बांधून

पश्चिम बंगालमधल्या पलाशीच्या छावणीत, बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढायला निघालेल्या पोरांच्या पोटाला विटा बांधत असत. गामछ्यात विटा घट्ट गुंडाळायच्या, पाठीमागे गाठ मारायची आणि तसंच भागीरथीत उतरायचं. १९७१ चा मे महिना, मग जून, मग पावसाने फुगलेला जुलै. पोहायचं ते उताणं. पायांत रबरी फिन्स, हातांनी पाणी वाजवायचं नाही, चेहऱ्याएवढाच भाग वर ठेवायचा. पुढे त्या विटांच्या जागी पाच-सहा किलोचा चुंबकी सुरुंग येणार होता.

मी कोकणात खाडीकाठी वाढलो. आमच्याकडे पोराला पाण्यात ढकलतात तेव्हा त्याच्या पाठीला सुका भोपळा बांधतात. ते तरंगत राहावं, त्याला पाण्याची भीती वाटू नये, एवढाच सगळा खटाटोप. त्यामुळे पलाशीच्या छावणीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या विटांपाशीच थांबलो. सीमेवरच्या निर्वासित तरुणांच्या छावण्यांमधून निवडून आणलेली ती मुलं होती. बहुतेक शेतकऱ्यांची, काही कॉलेजात जाणारी. निवडीची पहिली अट होती पोहता येणं, आणि नद्यांच्या त्या देशात ते जवळजवळ सगळ्यांनाच येत होतं. म्हणजे तरंगायला ज्यांना कधीच शिकावं लागलं नाही, त्यांना इथे बुडवू पाहणारं ओझं अंगावर घेऊन पोहायला शिकवत होते.

छावणीत दाखल होताना एका कागदावर सही करावी लागे. देशाच्या स्वातंत्र्यासाठी प्राण द्यायला मी तयार आहे आणि युद्धात मला मरण आलं तर त्याला कोणीही जबाबदार राहणार नाही, असा त्याचा आशय. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने अशा कागदावर सही करताना काय विचार केला असेल, याची कल्पना करायचा मी बरेचदा प्रयत्न केला आहे. ज्याचं गाव जळलं आहे, ज्याच्या घरातली माणसं कुठल्या रस्त्याने कुठे गेली हेही ठाऊक नाही, त्याला त्या कागदाचं भय वाटलं नसावं. पण तो कागद होता, त्यावर सही होती, आणि पुढच्या सगळ्या हकिकतीत मला तो विसरता येत नाही.

आपल्याकडे १९७१ म्हटलं की युद्ध सुरू होतं ३ डिसेंबरला आणि संपतं १६ डिसेंबरला. तेरा दिवस. विजय दिवसाची भाषणं, पाकिस्तानी सेनापती नियाझींची शरणागतीवरची सही, त्र्याण्णव हजार युद्धकैदी. या सगळ्याचा अभिमान मलाही आहे आणि त्यात गैर काही नाही. पण ते युद्ध २५ मार्चच्या रात्री, पाकिस्तानी लष्कराने ढाक्यातल्या बंगाली माणसांवर हल्ला चढवला तेव्हाच सुरू झालं होतं आणि आपण त्यात उघडपणे उतरलो तेव्हा ते आठ महिने जुनं झालं होतं. त्या आठ महिन्यांत ज्यांनी ते लढवलं, त्यांची आठवण आपल्या मराठी लिहिण्या-बोलण्यात फारच थोडी आहे. म्हणून मला आज डिसेंबरबद्दल लिहायचं नाही. १५ ऑगस्टची रात्र उलटून १६ ऑगस्टची पहाट झाली, त्या काही तासांबद्दल लिहायचं आहे. त्या रात्री पूर्व पाकिस्तानातल्या दोन सागरी आणि दोन नदीवरच्या बंदरांवर एकाच वेळी हल्ला झाला. त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन जॅकपॉट.

बंदरंच का, हे आधी पाहू. पाकिस्तानचे दोन तुकडे, मध्ये सोळाशे किलोमीटर भारत. १९७१ च्या जानेवारी अखेरीस 'गंगा' विमानाचं अपहरण करून ते लाहोरला नेलं गेलं, तिथे ते जाळलं गेलं, आणि फेब्रुवारीत भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. मग कराचीहून ढाक्याला जायचं तर श्रीलंकेला वळसा घालून. विमानाने माणसं नेता येतात, पण सैन्याला लागणारा दारूगोळा, वाहनं, तेल, धान्य हे सगळं जहाजानेच न्यावं लागतं. ती जहाजं लागणार चट्टग्रामला (म्हणजे चितगावला), नाही तर मोंगल्याला. तिथून पुढे माल नदीने आत जाणार: चांदपूर, नारायणगंज. उलट दिशेने ताग आणि चहा बाहेर जाणार, त्यातून परकीय चलन येणार. लष्कराचा श्वास या चार धक्क्यांमधून चालला होता. चट्टग्रामच्या गोदी कामगारांना हे कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. मार्चमध्ये शस्त्रं घेऊन आलेलं 'स्वात' नावाचं जहाज उतरवून घ्यायला त्यांनी नकार दिला होता, आणि त्यापायी गोळ्या झेलल्या होत्या.

आता या गोष्टीतली माझी सगळ्यात आवडती माणसं.

पाकिस्तानने फ्रान्सकडून तीन पाणबुड्या घेतल्या होत्या: हंगोर, शुशुक आणि मांग्रो. मार्चच्या अखेरीस 'मांग्रो' फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तुलाँच्या बंदरात होती, खलाशांचं प्रशिक्षण संपत आलं होतं. त्यांच्यात तेरा बंगाली होते. ढाक्यात काय झालं ते त्यांनी परदेशी रेडिओवर ऐकलं. नऊ जणांनी ठरवलं की ही पाणबुडी घेऊन आपण परत जायचं नाही. ते गुपचूप निसटले. स्वित्झर्लंडच्या सीमेवर व्हिसा नाही म्हणून अडवले गेले, मागे फिरले, स्पेनमध्ये शिरले, माद्रिदच्या भारतीय वकिलातीत जाऊन उभे राहिले. एक जण वाटेत वेगळा झाला. उरलेले आठ जण एप्रिलचा पहिला आठवडा उलटता उलटता मुंबईच्या विमानतळावर उतरले आणि तिथून दिल्लीला गेले.

गाझी रहमतुल्ला, अब्दुल वाहेद चौधुरी, बदिउल आलम, अहसानुल्ला, आबिदुर रहमान, सय्यद मुशर्रफ हुसेन, अमीनुल्ला शेख, अब्दुर रकीब मिया. ही आठही नावं मी मुद्दाम लिहितो आहे. कोणीही त्यांना बोलावलं नव्हतं, कोणतंही सरकार त्यांच्या पाठीशी नव्हतं. बांगलादेशाचं हंगामी सरकारसुद्धा अजून शपथ घ्यायचं होतं. हातात पाकिस्तानी नौदलाची पक्की नोकरी होती. पकडले गेले असते तर लष्करी कायद्याने शिक्षा एकच होती. आणि तरीही युरोपातल्या एका सुरक्षित बंदरातून ते युद्धाकडे निघाले. पळून युद्धाच्या दिशेने जाणारी माणसं इतिहासात फार सापडत नाहीत.

'हंगोर'ची हकिकत आपल्याला दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. ९ डिसेंबरला दीवजवळ तिनेच आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्याच जातीच्या पाणबुडीवरून उतरून ही आठ माणसं आपल्याकडे आली होती.

त्यांचं काय करायचं, हा प्रश्न नौदलापुढे आला. ॲडमिरल नंदा नौदलप्रमुख होते, कॅप्टन मिहीर रॉय नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख. आखणीचं आणि चालवण्याचं काम ज्यांच्याकडे आलं त्यांत एक नाव होतं कमांडर मोहन नारायणराव सामंत. सामंत स्वतः पाणबुडीवाले. दोनच वर्षांपूर्वी, १९६९ मध्ये, सोव्हिएत संघात 'करंज' ही पाणबुडी आपल्या नौदलात दाखल झाली तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच होते. पाणबुडीवर राहिलेल्या माणसाला पाणबुडीवर राहिलेला माणूस वेगळा ओळखू येत असणार. महिनोन् महिने लोखंडी नळकांड्यात एकमेकांच्या श्वासात श्वास मिसळून राहण्याची सवय, आवाज न करण्याची शिस्त, धीर धरण्याची ताकद. पाण्याखालून चोरपावलांनी जाऊन घाव घालायचा, हे दोघांच्याही शिक्षणात होतं. फरक एवढाच की इथे पाणबुडी नव्हती. माणसाच्या शरीरालाच पाणबुडीचं काम करायचं होतं.

छावणीसाठी पलाशीची जागा निवडली गेली. १७५७ साली जिथे सिराज उद्दौला हरला, तेच पलाशी. सियालदाहून लालगोल्याकडे जाणाऱ्या गाडीने मी एकदा तिथे उतरलो होतो. लढाईच्या वेळची आमराई नदीने पात्र बदलत बदलत कधीच गिळली आहे. स्मारकाचा खांब आहे, उसाची शेतं आहेत आणि थोड्या अंतरावर भागीरथी. काठावर उभं राहून मी पाण्याचा वेग पाहत होतो. पाऊस संपून महिना झाला होता, तरी मध्यावरची ओढ अशी होती की मी एरवी सहज उतरलो असतो तिथे उतरलो नाही. या पाण्यात, आषाढ-श्रावणात, रात्री, विटा बांधून. छावणीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस हे नौदलाचे पाणबुडे होते, आणि त्यांच्या हाताखाली चारशेहून अधिक मुलं तयार झाली. तिथे या छावणीची आठवण सांगणारं मला काही दिसलं नाही. शेतातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं तर ते म्हणाले, तेव्हा मिलिटरी होती, आम्हाला नदीकडे जायची बंदी होती.

शिकवायचं काय होतं? जहाजापर्यंत प्रवाहाबरोबर वाहत जायचं, पण वाहून जायचं नाही. जहाजाच्या अंगाला लागल्यावर बुडी मारायची, पाण्याच्या पातळीखाली पाच-सहा फूट. तिथे लोखंडावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर असतो, त्यावर चुंबक धरत नाही. म्हणून आधी सुऱ्याने तो थर खरवडायचा. हे सगळं एका दमात होत नाही. वर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. वर डेकवर पहारेकरी आहे, दिवे आहेत. खरवडून झालं की पोटाचा सुरुंग सोडवून तिथे चिकटवायचा. त्याच्या तोंडाशी पाण्यात विरघळणारी एक वडी असे. ती अर्ध्या-पाऊण तासात विरघळली की स्फोट. पण पोहायलाच तेवढा वेळ लागला तर? म्हणून वडीवर कंडोम चढवत आणि सुरुंग लावल्यावर तो काढून घेत. सीमेवरच्या छावणीत तरुण मुलांसाठी नौदलाने हजारोंनी कंडोम मागवले, तेव्हा ती मागणी वाचून वरच्या कचेऱ्यांमध्ये भुवया उंचावल्या असणार. मला मात्र त्यात एक गंभीर सौंदर्य दिसतं. हाताशी असेल ते घ्यायचं, त्याची रीत ओळखायची आणि त्याच्याकडून कोणी कल्पिलं नव्हतं ते काम करून घ्यायचं. गनिमी लढाईची सगळी बुद्धी इथे आहे.

आपल्या मनात गनिमी कावा म्हटलं की सह्याद्री उभा राहतो. घाट, खिंडी, घोडी, दऱ्याखोऱ्यांतला मावळा. आपल्याकडे पावसाळा म्हणजे लढाईला खीळ. फौजा छावणीला जायच्या, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की मोहिमा सुरू. बंगालमध्ये हे नेमकं उलट आहे. तिथे पाऊस लढणाऱ्याच्या बाजूचा. रस्ते पाण्याखाली जातात, जीप रुतते, रणगाडा शेताच्या बांधावर अडकतो, आणि पंजाबच्या कोरड्या मैदानावर घडलेला सैनिक भोवतीच्या पाण्याकडे पाहत बसून राहतो. ज्या पोराला लहानपणापासून नदीने खेळवलं आहे त्याची फौज याच वेळी बळकट होते.

तारीख ठरली. १४ ऑगस्ट हा पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, त्याच्या आसपास पहारा कडक असणार. म्हणून १५ ची रात्र. आपल्या पंचांगाने श्रावणातला वद्य पक्ष. नारळी पौर्णिमा होऊन नऊ दिवस झाले होते, अमावास्या पाच दिवसांवर होती. चंद्र उगवेल तो उत्तररात्री, तोही कोरीसारखा. भरती-ओहोटीचं गणित त्यावर बसवलेलं.

चारही ठिकाणचे गट एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब, शत्रूच्या मुलखात लपलेले. त्यांना एकाच रात्रीचा इशारा द्यायचा कसा? वायरलेस दिला तर तो पकडला जाणार. उपाय काढला तो रेडिओचा. प्रत्येक गटप्रमुखाकडे एक साधा ट्रान्झिस्टर दिला आणि फक्त त्यालाच सांगितलं की आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर सकाळी कान ठेवायचा. पंकज मल्लिकांच्या आवाजातलं रवींद्रनाथांचं एक ठरलेलं गाणं लागलं की समजायचं, तयारीला लागा. मग दुसरं गाणं लागेल, आपली बाहुली आज पहिल्यांदा सासरी जाणार असं सांगणारं. ते ऐकलं की येणाऱ्या रात्री पाण्यात उतरायचं. दुसरं गाणं लागलंच नाही तर हलायचं नाही.

त्या सकाळी कोलकात्यात, आसाममध्ये, ढाक्यातसुद्धा लाखो घरांत ही गाणी ऐकली गेली असतील. कोणी चहा ढवळत असेल, कोणी मुलीची वेणी घालत असेल. बाहुलीच्या लग्नाचं ते गाणं ऐकून कोणा आजीला आपल्या नातीची भातुकली आठवली असेल. आणि चार माणसांसाठी त्याच सुरांचा अर्थ होता: आज रात्री. रवींद्रनाथांच्या गाण्यात म्हटलं आहे की तुला इतकी गाणी ऐकवली, पण त्याच्या बदल्यात मी काही मागितलं नाही. ते गाणं कोणी निवडलं मला ठाऊक नाही. बहुधा सहज हाताला लागलं असेल. पण काही न मागता जाणाऱ्या मुलांसाठी याहून योग्य गाणं मला सुचत नाही.

चट्टग्रामच्या मोहिमेचा प्रमुख होता अब्दुल वाहेद चौधुरी, तुलाँहून आलेल्या आठांपैकी एक. त्याच्याकडे साठ मुलं होती, वीस-वीसचे तीन गट. पलाशीहून त्यांना त्रिपुरेत आणलं, तिथून हरिणा नावाच्या छावणीतून सीमेपलीकडे. पुढे मीरसराई, सीताकुंड असं पायी, नावेतून, रात्री चालत, दिवसा कोणाच्या तरी घरात दडून. प्रत्येकाकडे सुरुंग, सुरा, फिन्स, पोहण्याची चड्डी. बंदुका फारच थोड्या. शहरातल्या माणसांनी त्यांना आपल्या घरांमध्ये विखरून लपवलं. एखादं घर पकडलं गेलं असतं तर त्या घरातलं कोणी वाचलं नसतं. या घरांची नावं कुठल्याही पदकाच्या यादीत आलेली नाहीत. मला वाटतं, या सगळ्या हकिकतीत शौर्याचा सगळ्यात मोठा वाटा त्या घरांतल्या बायकांचा असावा. त्यांनी भात वाढला, दार लावून घेतलं आणि शेजारणीला काही सांगितलं नाही.

बंदर कर्णफुलीच्या उत्तर तीरावर. मुलांना उतरायचं होतं दक्षिण तीरावरून, म्हणजे आधी नदी ओलांडून पलीकडे जायला हवं. बाजार करून गावाकडे परतणाऱ्या खेडुतांच्या वेषात ती फेरीबोटीने गेली. टोपल्यांत वर सुकी मासळी, तांदूळ, मीठ. तळाशी सुरुंग. नाक्यावरच्या सैनिकाने सुकटीत हात घालून पाहिला नाही. सुकटीचा वास कसा असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्या टोपल्यांवर पहारा त्या वासानेच केला असेल.

एक गट वेळेत पोहोचलाच नाही. साठांचे चाळीस राहिले. आणि त्या चाळिसांमधले प्रत्यक्ष पाण्यात उतरले ते एकतीस.

एकतीस या आकड्याची सगळे नोंद घेतात. मी उरलेल्या नऊ जणांबद्दल विचार करतो. तेही पलाशीला विटा बांधून पोहले होते, त्यांनीही त्या कागदावर सही केली होती, सीमेपासून इथपर्यंत तेही चालत आले होते. समोर कर्णफुली, पलीकडे दिव्यांनी उजळलेली जहाजं, आणि पाय पुढे गेले नाहीत. मला त्यांना भित्रे म्हणता येत नाही. ते नऊ होते म्हणूनच मला कळतं की बाकीचे एकतीस जण लोखंडाचे नव्हते. मागे राहणं शक्य होतं, आणि तरी ते उतरले.

मध्यरात्र उलटून गेली होती. दोन-दोन, तीन-तीन मुलं एकेका जहाजासाठी. गालांवर अंधार, छातीवर सुरुंग, नदीतून वाहत जाणाऱ्या जलपर्णीच्या पुंजक्यांमधली काही डोकी. पावसाळ्यात खाडी समुद्राकडे ओढते तेव्हा पाण्यात जो जडपणा असतो तो मी अंगाने ओळखतो. कर्णफुली आमच्या खाडीच्या कितीतरी पट आहे. धक्क्याला 'अल अब्बास' होतं, 'होर्मुझ' होतं, प्रत्येकावर सुमारे दहा हजार टन लष्करी माल. मासळी बंदराच्या जेटीला शस्त्रांनी भरलेला ओरिएंट कंपनीचा सहा नंबरचा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका. मुलांनी बुडी मारली, लोखंड खरवडलं, वर येऊन श्वास घेतला, पुन्हा खाली गेली. सुरुंग चिकटले. मग प्रवाहात अंग सोडून दिलं.

पावणेदोनच्या सुमारास पहिला स्फोट झाला. मग अर्धा तास एकामागून एक. बंदरातल्या सैनिकांनी काळोखावर, पाण्यावर, कशावरही गोळीबार सुरू केला. तोवर मुलं खालच्या अंगाला काठावर पोहोचली होती. 'अल अब्बास' बसलं, 'होर्मुझ' बसलं, बार्ज गेला, आणखी सात लहानमोठ्या नौका बुडाल्या किंवा निकामी झाल्या. त्याच रात्री सुंदरबनाच्या कडेला पशुर नदीवर मोंगल्यात अहसानुल्लाचा गट, मेघनेवर चांदपूरला बदिउल आलमचा, शीतलक्ष्येवर नारायणगंजला आबिदुर रहमानचा. चारही ठिकाणी सुरुंग फुटले.

सैन्याचं किती नुकसान झालं यापेक्षा पुढच्या आठवड्यांत जे घडलं ते मोठं होतं. पूर्वेत सगळं सुरळीत चालू आहे, असं पाकिस्तानचं सरकार जगाला सांगत होतं. बंदराच्या तळाशी गेलेलं जहाज लपवता येत नाही. परदेशी जहाज कंपन्या तिथे यायला कचरू लागल्या, विम्याचे दर चढले. त्यानंतर डिसेंबरपर्यंत या मुलांनी पुन्हा पुन्हा हल्ले केले. प्रत्येक धक्क्यावर, प्रत्येक फेरीवर पहारा वाढवावा लागला, आणि ते सैनिक कुठून तरी काढूनच आणावे लागले.

इथे थांबून एक अवघड गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय ही हकिकत मला खरी वाटत नाही. स्फोटांचा सूड नदीकाठच्या गावांवर उगवला गेला. सैन्याला पोहणारी मुलं सापडली नाहीत, गावं सापडली. घरं जाळली, माणसं मारली. शिवाय मोंगल्यात परदेशी व्यापारी जहाजांनाही सुरुंग लागले. त्यांवरचे खलाशी ना या बाजूचे होते ना त्या. गनिमी हल्ल्याची किंमत नेहमी हल्ला करणाराच देतो असं नाही. बरेचदा ती ज्याच्या अंगणातून तो गेला तो देतो. या मुलांनी हे जाणूनच ते काम केलं असेल, कारण ती गावं त्यांचीच होती, त्यांच्या मावश्या-आत्यांची होती. मी हल्ल्याच्या बाजूनेच आहे. पण त्या बाजूने उभं राहताना जळलेल्या घरांकडे पाठ फिरवायची माझी तयारी नाही.

सामंतांचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण मराठी वाचकाला ते ठाऊक असायला हवं. कोलकाता बंदराच्या दोन नौकांवर बोफोर्स तोफा बसवून त्यांच्या गनबोटी केल्या गेल्या, 'पद्मा' आणि 'पलाश'. त्या मुक्तिवाहिनीला, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेला दिल्या. डिसेंबरमध्ये युद्ध उघड झाल्यावर सामंत 'पनवेल' या आपल्या नौकेवरून, 'पद्मा' आणि 'पलाश' बरोबर घेऊन, मोंगल्याकडे आणि तिथून खुलन्याकडे निघाले. रायगड जिल्ह्यातल्या पनवेलच्या नावाची ती लहानशी नौका पशुर नदीत लढत होती. १० डिसेंबरला खुलन्याजवळ आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी ओळखण्यात चूक होऊन 'पद्मा' आणि 'पलाश'वर मारा केला. दोन्ही नौका गेल्या. 'पलाश'च्या इंजिनरूममध्ये रुहुल अमीन होते. जळत्या नौकेतून ते कसेबसे काठाला आले, आणि तिथे पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या स्थानिक रझाकारांनी त्यांना मारलं. रूपशा नदीच्या काठी त्यांची कबर आहे. बांगलादेशाने सर्वोच्च 'बीरश्रेष्ठ' किताब फक्त सात जणांना दिला, त्यांतले ते एक. सामंत 'पनवेल' घेऊन टिकून राहिले, पाण्यातली माणसं उचलली, लढाई पुढे नेली. त्यांना महावीर चक्र मिळालं. पण ऑगस्टच्या मोहिमेबद्दल पुढे कित्येक वर्षं त्यांना चारचौघांत बोलता आलं नाही, कारण अधिकृतपणे भारत तेव्हा युद्धात नव्हताच. २०१९ मध्ये ते गेले. दोनच वर्षांनी माझगाव गोदीत बांधलेली नवी 'करंज' मुंबईत नौदलात दाखल झाली.

हा हल्ला कोणाचा, यावर दोन्ही देशांत वाद होतो. आपल्याकडचे काही जण म्हणतात, आखणी आमची, सुरुंग आमचे, प्रशिक्षण आमचं. तिकडचे म्हणतात, जीव आमचे. मला यात अडखळायला होत नाही. आखणाऱ्यांचं कौशल्य मोठं होतं आणि त्याची नोंद आपण पुरेशी केलेली नाही, म्हणून तर हे लिहितो आहे. पण कर्णफुलीत उतरताना शेजारी कोणी अधिकारी नव्हता, कोणाचा झेंडा नव्हता. जो पोहला, हल्ला त्याचा.

आणि बंदराची गोष्ट १६ डिसेंबरला संपली नाही. चट्टग्रामच्या धक्क्यांवर आणि मुखाशी बुडालेली जहाजं पडून होती. काही या मुलांनी बुडवलेली, काही 'विक्रांत'च्या विमानांनी. त्यात पाकिस्तानी नौदलाने पेरलेले सुरुंग. नव्या देशाला पहिल्या दिवसापासून धान्य हवं होतं आणि ते याच धक्क्याला लागणार होतं. १९७२ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत नौदलाचं पथक ॲडमिरल झुएन्को यांच्या हाताखाली आलं. गढूळ पाणी, जोराचा प्रवाह, हाताने चाचपत करायचं काम. पाण्याखालचं लोखंड एकेक करून वर काढत ते १९७४ च्या जूनपर्यंत तिथे होते. त्या कामात युरी रेडकिन नावाचा एक तरुण खलाशी मेला. पतेंग्याला, कर्णफुलीच्या मुखाशी, त्याची कबर आहे. बांगलादेशाच्या हुतात्म्यांच्या यादीत त्याचं नाव नाही, पण या युद्धात मेलेल्यांची मोजदाद मी करतो तेव्हा त्यालाही धरतो.